बाकीच्यांनी वाचत बसा

कोल्हापूर,
१८ जून २०२५

अनुजा,

तुला वहिनी म्हणायचं की वन्सं, हे इतक्या वर्षांत माझं ठरलं नाही. माझ्या भावाची बायको म्हणून तू वहिनी. माझ्या नवऱ्याची बहीण म्हणून तू नणंद. एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकली, एकाच पंगतीत दोन्हीकडचे पाहुणे जेवले आणि सगळे म्हणाले, साटंलोटं झालं, आता दोन्ही घरं एकमेकांना बांधून राहतील. बांधून राहिली खरी. म्हणून मी नुसतं अनुजा लिहिते. राग आला तर येऊ दे, तसाही तुझा राग आहेच.

पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय. तिथली सेविका आक्काताई तुझ्या हातात देईल. तू तिथं मदतनीस आहेस म्हणून गावात एवढी तरी एक जागा आहे, जिथं माझा भाऊ उदयसिंह पाय ठेवत नाही. तो तुझा फोन बघतो हे मला माहीत आहे. वाचून झालं की पोरांच्या खिचडीखाली घाल.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हायस्कूलची ग्रंथपाल झाले. अर्धवेळ आहे, पण आहे. शिरोलीहून पळून आल्यावर भाड्याच्या खोलीत बसून ग्रंथपालाच्या परीक्षेसाठी पुस्तकांचे नंबर पाठ करायचे तेव्हा घरमालकीण म्हणायची, याड लागलं हिला. आता तीच शेजारणीला सांगते, आमच्या मॅडम. मुलाखतीला संस्थेचे चेअरमन होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाई, लायब्ररीत शांतता राखाय जमंल न्हवं?" मी म्हणाले, जमेल. तुझ्या भावाच्या घरात मी तेवढंच करत होते, हे काही सांगितलं नाही.

मी डाव्या बाजूला कोणी बसू नये म्हणून खुर्ची सरकवून घेतली होती. तुझ्या भावानं फोडलेल्या कानानं अजूनही ऐकू येत नाही, आता येणारही नाही.

हे मी उगाळत नाही. पण आपल्या दोन घरांत काय चालायचं ते कुणीच कधी तोंडानं बोललं नाही, म्हणून एकदा शाईनं लिहिते. अमरसिंह मला मारायचा. ते माझ्या माहेरी कळायचं. माझ्या भावाला बहिणीचा कैवार यायचा. कैवारच घ्यायचा तर शिरोलीला येऊन अमरसिंहची गचांडी धरायची. पण अमरसिंह फौंड्रीत लोखंड उचलणारा, त्याच्यापुढं उभं राहायला छाती लागते. तू घरातच होतीस. "तुज्या भावानं माज्या भनीला हात लावला" म्हणत तो तुला मारायचा. ते शिरोलीला कळलं की अमरसिंह म्हणायचा, माज्या भनीला मारतोय व्हय तुजा भाऊ. मग पुन्हा मी. दोघंही बहिणीवर जीव टाकणारे भाऊ, आख्ख्या भावकीत नाव होतं त्यांचं.

म्हणून आपण दोघी लपवायला लागलो. आठवतं का, जत्रेत भेटलो तेव्हा तुझ्या कपाळावर टेंगूळ होतं आणि माझी मनगटं काळीनिळी. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि दोघी एकदमच म्हणालो, न्हाणीत पाय घसरला. मग हसत सुटलो. तेवढं हसू मी त्यानंतर कुणाबरोबर हसले नाही.

मी पळाले तेव्हा माहेरी आले नाही, ते तुझ्यामुळं. माझा फुटका कान रोज उदयसिंहच्या डोळ्यांपुढं राहिला असता आणि त्यानं रोज तुला धरलं असतं. तू म्हणतेस, तू सुटलीस, मी आडकलो. खरं आहे. म्हणूनच म्हणते, तूही ये. माझी खोली लहान आहे, पण दाराला आतून कडी आहे.

वर्षाराणी


कोल्हापूर,
१२ जुलै

अनुजा,

तुझा निरोप आक्काताईनं फोनवर सांगितला. "अनुजा म्हणती, वर्षाराणीला म्हणावं नांदाय जा. ती गेली की हिकडचा हात थांबंल." सांगताना आक्काताई रडत होती. मी रडले नाही, मला राग आला. तुझा नाही. पण मोकळा करायला समोर कोणी नव्हतं, म्हणून बादली लाथेनं उडवली आणि मग मीच फरशी पुसली.

माझी लायब्ररी कशी आहे ते ऐक. व्हरांड्याच्या शेवटी, मुताऱ्यांच्या भिंतीला लागून एक खोली. पहिल्या दिवशी कुलूप काढायला गेले तर कळलं की दुसरी किल्ली बाळासो सरांकडं असते. ते पीटीचे सर. मी म्हटलं, चेंडू-बिंडू ठेवत असतील. आत चार कपाटं. तिनांत पुस्तकं, वाळवीनं अर्धी खाल्लेली. चौथं उघडलं तर आत छड्या. बांबूच्या, निरगुडीच्या फोका, एक सायकलची ट्यूब गाठ मारून ठेवलेली. पोरांना मारायला कायद्यानं बंदी आहे. तो कागद हेडसरांनी ऑफिसात फ्रेम करून लावलाय, म्हणून मारायची जागा तेवढी ऑफिसपासून लांब ठेवली.

या शाळेत "लायब्ररीत चल" म्हणजे काय, हे पहिलीच तासिका आली तेव्हा समजलं. नववी ब. पोरं आली आणि भिंतीला पाठ लावून रांगेनं उभी राहिली, तळहात पुढं करून. मला वाटलं यांची काही प्रार्थना असेल. सोनम नावाची एक पोरगी पुढं होती, तिनं हळूच विचारलं, "मॅडम, आमी काय केलंय?"

मी म्हणाले, काही नाही, पुस्तकं बघायची आहेत. कुणाचा विश्वास बसला नाही. तास संपेपर्यंत हात तसेच पुढं.

त्याच आठवड्यात बाळासो सर आले. ज्ञानू नावाच्या पोराला मानगुटीला धरून आणलं होतं आणि मागं अख्खा वर्ग, बघायला म्हणून. मला म्हणाले, "मॅडम, तुमचं चालू द्या." मग पोरांकडं वळून, "बाकीच्यांनी वाचत बसा."

आणि पोरं बसली गं. हाताला येईल ते पुस्तक उचललं, उघडलं, माना खाली. एकाचं पुस्तक उलटं होतं. सरांनी ज्ञानूला कपाटाशी उभं केलं आणि आधी पोटऱ्यांवर, मग पाठीवर, मग तो वळला म्हणून तोंडावर. छडी ओढताना जो आवाज येतो तो मला उजव्या कानात आला आणि माझी लघवी सुटते की काय असं झालं. मी टेबलामागं उभी होते, हातात शाळेचा शिक्का, तो कागदावर दाबून धरलेला. सोडवतच नव्हता. ज्ञानूच्या नाकातून रक्त आलं, ते कपाटाच्या दारावर उडालं, आणि सगळा वर्ग वाचत होता.

थोड्या वेळानं हेडसर आले. कसला आवाज म्हणाले. एकही पोरगं वर बघेना. सोनमनं पान उलटलं आणि म्हणाली, "म्हाईत न्हाय सर, आमी वाचत हुतो." मग एकेक सगळे, वाचत हुतो, वाचत हुतो. हेडसरांनी ज्ञानूला विचारलं, "पडलास काय रं?"

"व्हय सर. पाय घसरला."

मी घरी येऊन जेवले नाही. तुझी फार आठवण आली.

नांदायला मी जाणार नाही. हात असा थांबत नाही, अनुजा. मी गेले की फक्त दुसरा हात चालू होईल.

वर्षाराणी


कोल्हापूर,
६ सप्टेंबर

अनुजा,

तू उत्तर देत नाहीस, पण आक्काताई म्हणते तू वाचतेस. मग मी लिहीत राहते.

एक गंमत सांगते. माझ्या नेमणुकीच्या पत्रात आहे की लायब्ररीत जे जे सामान आहे ते ग्रंथपालाच्या ताब्यात. म्हटलं, मग छड्याही माझ्याच. सगळ्या बाहेर काढल्या, पुसल्या, प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवली, नंबर घातला, शाळेचा शिक्का मारला. सायकलच्या ट्यूबलासुद्धा. प्रत्येकीचं पुस्तकासारखं कार्ड केलं. छडी न्यायची तर सही करायची, तारीख घालायची, कशाला हवी ते लिहायचं.

गणिताचे सर आले. मी कार्ड पुढं केलं. त्यांनी पेन उघडलं, कार्डाकडं बघितलं, पेन बंद केलं. "राहू दे, नंतर बघतो." इंग्रजीच्या बाई तर कार्ड बघून म्हणाल्या, मी सहज आले होते. एवढी शिकलेली माणसं, एक सही करवेना. सोनम खिडकीतून बघत होती, तिला हसू आवरेना.

बाळासो सरांनी मात्र सही केली. ठसठशीत. कारणाच्या जागी लिहिलं, माज उतरवणे. आणि वर मला म्हणाले, "झालं समाधान?" पुन्हा ज्ञानूच होता. पुन्हा, बाकीच्यांनी वाचत बसा. पहिला फटका बसला, दुसरा वर गेला आणि मी मध्ये हात घातला. ठरवून नाही घातला, गेला. बोटाचं हाड मोडलेलं मला आधी ऐकू आलं आणि मग दुखलं.

सर एकदम पांढरेफटक पडले. "मॅडम, मधी कशाला घातलासा हात? लागलं न्हवं." स्वतःचा रुमाल काढून बांधायला लागले. मी म्हणाले, सर, छडी जमा करा, कार्डावर तारीख घालायची आहे. त्यांनी निमूट घातली.

आता मारायला कुणी माझ्या खोलीत येत नाही. मार थांबलाय असं समजू नकोस. तो मैदानावर गेला, जिन्याखाली गेला. पण या चार भिंतींत थांबला. पोरं आता हात पुढं न करता आत येतात. आम्ही फाटकी पुस्तकं शिवायला घेतलीत. मैद्याची खळ करायची, त्यात वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घालायचं, पाठीला कापड लावायचं आणि वर लोखंडाचं वजन ठेवायचं. वजनं एका पोराच्या बापानं फौंड्रीतल्या भंगारातून आणून दिली. ज्ञानूचं शिवण सगळ्यांत सरळ येतं. त्याला विहिरींबद्दलचं एक जुनं पुस्तक सापडलंय, ते तो कुणाला हात लावू देत नाही.

काल उदयसिंहचा फोन आला. "दिवाळीपतोर शिरोलीला गेलीस तर बरं. न्हाय तर मी काय करीन ते करीन." कुणाला करशील, म्हणून मी विचारलं. त्यानं फोन ठेवला.

दिवाळीच्या आधी ये. आक्काताई तुला एस.टी.त बसवून देईल. एवढं कर.

वर्षाराणी


कोल्हापूर,
२६ ऑक्टोबर

अनुजा,

भाऊबीजेला तू मला चालती हो म्हणालीस. उंबऱ्यात उभी राहून, हातांना लागलेलं त्याचं रक्त पदरानं पुसत. मी चालती झाले. पण तू आतल्या खोलीत होतीस, बाहेरून कडी होती. त्याआधी काय झालं ते तुला त्यानं सांगितलं नसेल, आईनं तर नक्कीच नाही. म्हणून लिहिते.

मी गारगोटीवरून आले. आईनं पाट मांडला होता, भोवती रांगोळी. उदयसिंह टोपी घालून बसलेला. मी विचारलं, अनुजा कुठं आहे? आई म्हणाली, "आत हाय. तोंड बरं न्हाय तिचं." मी ताटात निरांजन लावलं. मनाशी ठरवून आले होते की ओवाळणीत तुला मागायचं. सणाच्या दिवशी पाटावर बसून भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही, एवढ्या एका रीतीवर माझा विश्वास होता.

ओवाळलं. त्यानं साडीचा बॉक्स पुढं केला. मी म्हणाले, साडी नको. अनुजाला माझ्याबरोबर पाठव.

तो हसला. रागानं नाही, लाडानं हसला, लहानपणी हसायचा तसा. म्हणाला, "तुजी खरी ओवाळणी कालच दिलीया. अमऱ्यानं तुजा डावा कान फोडला न्हवं? हिचा बी डावाच फोडला. आता फिट्टंफाट. कुणाचं कुणाकडं काय ऱ्हायलं न्हाय. उद्या नांदाय जा."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, अनुजा. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझ्यासाठी काहीतरी केलंय.

मी ताट खाली ठेवलं. नीट ठेवलं, निरांजन विझू दिलं नाही. तो उठायला लागला, तसा पाट मोकळा झाला. मी तो उचलला आणि मारला. पहिला फटका त्यानं हातावर घेतला, कोपराखाली, आणि हाताचं हाड वाकडं झालेलं दिसलं. दुसरा डोक्याला बसला. मग तो रांगोळीत पडला आणि मी आणखी मारत राहिले. आई माझी वेणी ओढत होती, "भावाला मारतीस व्हय गं, सणाच्या दिवशी," आणि मी मारत होते. मग कडी तू आतून हिसडून तोडलीस आणि बाहेर आलीस.

एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला बरं वाटलं. मारताना अंगात जे येतं ते मला त्या दिवशी समजलं. अमरसिंहला काय मिळायचं, उदयसिंहला काय मिळतं, बाळासो सरांना काय मिळतं. एस.टी.त बसल्यावर ओकारी आली, पण ती नंतर. आधी बरं वाटलं. मला आता माझीच भीती वाटते.

तरी एवढं सांगते. आजवर यांनी आपल्याला वापरून साटंलोटं केलं. तू माझ्या बहिणीला मारलंस, मी तुझ्या बहिणीला मारीन. आता आपण दोघी एक साटंलोटं करू. माझ्या भावाला मी बघेन, तुझ्या भावाला तू बघ. आपापला भाऊ आपण आवरायचा. परक्याच्या लेकीनं त्याचा मार का खायचा?

तुझा कान दवाखान्यात दाखव. आक्काताईला घेऊन जा. पहिले काही दिवस आत शिट्टी वाजल्यासारखं होईल, घाबरू नकोस.

वर्षाराणी


कोल्हापूर,
२० नोव्हेंबर

अनुजा,

तुझी चिठ्ठी आली. तुझ्या हातची पहिली. दोनच ओळी, आणि त्या वाचून मी खोलीत एकटीच मोठ्यानं हसले, मग रडले. "तेचा हात पिलास्टरमधी हाय तवर मी गप झोपतो. डाक्टर म्हणला, म्हैनाअखेरीस काढूया."

म्हणजे माझ्या हातून तुला एवढे दिवस मिळाले. प्लास्टरभर संसार.

त्यानं पोलिसांत तक्रार केली नाही. बहिणीनं मारलं हे सांगायचं कुठल्या तोंडानं. भावकीत सांगतो म्हणे, न्हाणीत पाय घसरला. देवाला विनोदाची आवड आहे.

आता ऐक आणि तसंच कर. ज्या दिवशी प्लास्टर काढायला तो गडहिंग्लजला जाईल, त्याच दिवशी निघ. दुपारी परत येईल तेव्हा त्याचा हात मोकळा असेल आणि तू घरात नसशील. काही आणू नकोस. थेट शाळेत ये, खोलीवर नको, तिथं तो आधी येईल. शाळेत माणसं असतात. मी हेडसरांना सांगून ठेवलंय की पुस्तकं शिवायला एक बाई येणार आहेत. ते म्हणाले, या म्हणावं, एवढंच. बरा माणूस आहे, फक्त घाबरट आहे.

पोरांनाही सांगितलंय. सोनमनं विचारलं, "त्या मॅडमना बी डाव्या बाजूनं हाक मारायची न्हाय काय?" मी म्हणाले, नाही, उजव्या बाजूनं.

ये.

वर्षाराणी


कोल्हापूर,
९ जानेवारी २०२६

अनुजा,

हे पत्र कळंब्याला, जेलच्या पत्त्यावर. पत्रं आधी उघडून वाचतात असं वकील म्हणाले. तेव्हा वाचणाऱ्या ताईंना माझा नमस्कार. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे, लिहिताना शिस्तीत लिहीन.

तुला भेटायला दोनदा आले, दोन्हीदा नाव यादीत नाही म्हणून परत पाठवलं. आता वकिलांनी अर्ज दिलाय. ते म्हणतात, तू अटकेपासून कुणाशी एक शब्द बोलली नाहीस. फार चांगलं केलंस. तसंच राहा. काही बोलायचं झालं तर ते बोलतील.

त्या दिवसाचं तुला जेवढं माहीत आहे तेवढं मी लिहीत नाही. तुझ्यामागं बाहेर काय काय झालं तेवढं लिहिते.

तू सकाळी आलीस, आल्या आल्या बाह्या सरसावून खळ घोटायला बसलीस. किती छान बसली होतीस गं. ज्ञानूनं त्याचं विहिरींचं पुस्तक तुझ्याकडं शिवायला दिलं, मला कधी दिलं नव्हतं. तू ते शिवून वर लोखंड ठेवलंस. दुपारी नववी ब चा तास होता, ज्ञानूनं ते सुकलेलं पुस्तक माझ्या टेबलावर उघडून ठेवलं होतं.

उदयसिंह घरी आला, तू नाहीस हे बघितलं, आणि त्यानं अमरसिंहला फोन लावला. हे उदयसिंहनं पोलिसांना स्वतः सांगितलंय. "तुजी भन पळाली. माज्या भनीकडं गेली आसंल. दोगींस्नी घिऊन ये." आपला हात नुकताच मोकळा झालेला, त्यात अजून जोर नाही, म्हणून दुसऱ्याच्या भावाला पाठवलं. शेवटपर्यंत त्याला हेच सुचलं.

अमरसिंह डाव्या बाजूनं आला. मला ऐकूच आलं नाही. मी पोरांना कार्डं देत होते. केस धरून त्यानं मला मागं ओढलं आणि टेबलाची कड माझ्या बरगड्यांत घुसली. "लायब्ररी चालवतीस व्हय," म्हणाला. चौथ्या कपाटाचं दार उघडं होतं, त्यातली छडी त्यानं उपसली. चार नंबरची. माझ्या हातानं चिकटवलेली चिठ्ठी डोळ्यांपुढून गेली. ती छडी मोडली, मग त्यानं हातानं मारलं. दोन दात तिथंच पडले, ते सोनमनं नंतर गोळा करून कागदात बांधून दिले. मग त्यानं माझं डोकं टेबलावर आपटलं आणि गळ्यावर गुडघा दिला. माझं तोंड उघड्या पुस्तकावर दाबलेलं होतं. डोळ्याला अक्षरं चिकटली होती. माझा श्वास बंद झाला होता. मला वाटलं, झालं.

मग गळ्यावरचं वजन गेलं.

पुढचं मी बघितलं नाही. पोलीस साहेबांनाही मी हेच सांगितलंय.

मी मान वर केली तेव्हा अमरसिंह खाली होता आणि तू त्याच्याशेजारी बसली होतीस. लोखंड तुझ्या मांडीवर होतं. त्या वजनांना आम्हा सगळ्यांचेच हात लागतात, रोज लागतात, हे मी साहेबांना बजावून सांगितलं. पोरं उभी राहून किंचाळत होती. दारात बाळासो सर आलेले, आरडाओरडा ऐकून धावत. त्यांनी खाली बघितलं. तुझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग पोरांकडं वळून म्हणाले, "बाकीच्यांनी वाचत बसा."

सवयीनं म्हणाले की समजून म्हणाले, मी अजून विचारलेलं नाही. पोरं घाबरू नयेत म्हणून म्हटलं, असं त्यांनी जबाबात सांगितलंय. पोरं बसली. पुस्तकं घेतली, उघडली, माना खाली. पोलीस आले तेव्हा वर्गात एक आवाज नव्हता.

अमरसिंह तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. मला रडू आलं, ते का आलं ते विचारू नकोस. तुझा भाऊ होता. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन शेतात न्यायचा, हे तूच सांगितलं होतंस. भाऊबीजेनंतर मी तुला साटंलोट्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. ते वाक्य आता माझ्या जेवणात येतं, झोपेत येतं. अंगणवाडीतल्या पोरांची खिचडी शिजली ना? शिजलीच असेल.

साहेबांनी पोरांना हेडसरांच्या खोलीत एकेकटं बोलावलं. आईबापांसमोर विचारलं. दम दिला, चॉकलेट दिलं. मी बाहेर बाकावर बसले होते, तोंडाला पट्ट्या. सोनम आधी गेली. दार उघडंच होतं.

"काय बघितलंस बाळ?"

"काय न्हाय साहेब. आमी वाचत हुतो."

मग ज्ञानू. "वाचत हुतो." मग एकेक करून अख्खा वर्ग. शेवटी साहेब टेबलावर हात आपटून ओरडले, "आरं, एक माणूस मरंस्तवर पडतोय आन् सगळी पोरं वाचत हुती?" हेडसर कोपऱ्यात उभे होते. ते एकदम म्हणाले, "साहेब, लायब्ररीचा तास होता." त्या घाबरट माणसाला तेवढं बोलायला किती घाम आला, ते मी बघितलं.

ही पोरं हे कुठं शिकली ते मला माहीत आहे. असं मान खाली घालून वाचायला त्यांना याच खोलीत शिकवलं, छडीनं शिकवलं. मला हे आवडलं पाहिजे की नाही, कळत नाही. पण ती वाचत होती, एवढं मीही सांगेन. वकील म्हणतात, बघितलेला एक माणूस नाही, जामिनाला अडचण येऊ नये.

सगळ्यांत शेवटी मला बोलावलं. साहेब दमले होते. म्हणाले, "मॅडम, तुमी तर टेबलावरच हुता. तुमी काय करत हुता?"

मी म्हणाले, वाचत होते. हवं तर सांगते काय वाचत होते. विहिरींचं पुस्तक होतं, जुनी विहीर उपसताना आत उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर कसा बांधावा, त्याचं पान होतं. त्यांनी पुस्तक मागवून घेतलं. पान उघडलं, माझ्या रक्तानं चिकटलेलं होतं. बरोबर निघालं.

ते आता पोलिसांकडं जमा आहे. ज्ञानूला मी दुसरं देईन म्हटलं, तर तो म्हणाला, तेच पायजे, त्या मॅडमनी शिवलेलं.

तुझ्यासाठी जेलरकडं एक पुस्तक देतेय. पाठीला नवं कापड आहे, मी शिवलंय, तुझ्याइतकं सरळ आलं नाही. आत कार्ड आहे, तुझं नाव लिहिलंय, परत करायची तारीख घातलेली नाही. कोर्टाची तारीख लागली की मी येईन, तुझ्या उजव्या बाजूला बसेन.

तोवर तू वाचत बस.

तुझी,
वर्षाराणी